छाटलेली फांदी

“थोडं वर घ्या,” डॉ. कोहाड मॅडम म्हणाल्या. “उपसंचालक साहेब उंच आहेत. त्यांना वाकून वाचायला लावू नका.”

मी स्टुलावर उभी राहून काचेची चौकट भिंतीला धरली होती आणि खाली शिपाई हातोडी घेऊन खोळंबला होता. चौकटीत आमचा तक्ता होता. सगळ्यात वर एक प्रश्न, त्याच्या उत्तराप्रमाणे दोन फांद्या, प्रत्येक फांदीला पुढचा प्रश्न, आणि तळाशी लाल-हिरवी पानं. लाल पान आलं की रुग्णाला ताबडतोब सापाच्या विषावरचं औषध सुरू करायचं. हिरवं आलं की काळजी नाही, घरी पाठवायचं.

ज्यांनी हे झाड उभं केलं ते नरहरी टेंभुर्णे सर बाहेरच्या बाकावर चहा पीत बसले होते. त्यांनी नवा शर्ट घातला होता. दुकानात घातलेल्या घड्या अजून त्यावर तशाच दिसत होत्या.

सर विद्यापीठात गणित शिकवत आणि मी त्यांच्याकडे पीएच.डी. करत होते. वैनगंगेच्या काठचा तो तालुका धानाचा. पावसाळ्यात रोपांची रोवणी सुरू झाली की ग्रामीण रुग्णालयात साप चावलेले लोक रोज येत. बहुतेकांना बिनविषारीच चावलेला असे. औषध मात्र मोजकं येई, आणि ते उगाच दिलं तर त्याचीच रिअ‍ॅक्शन येऊन माणूस दगावू शके. कोहाड मॅडम हजर असल्या तर त्या ठरवत. त्या ऑपरेशनला गुंतल्या की नर्सबाईंवर येई. अशा वेळी कोणते प्रश्न कोणत्या क्रमाने विचारायचे, हे जुन्या रुग्णांवरून गणिताने काढता येईल, असं सरांचं म्हणणं होतं. आमच्या विषयात त्या प्रश्नांच्या झाडाला निर्णयवृक्ष म्हणतात.

सरांचं नाव झालं ते अशा झाडांच्या छाटणीमुळे. झाडाला मोकळं सोडलं तर ते नको तितकं पसरतं. तीन-चार माणसांवरूनही त्याला एखादी फांदी फुटते. अशा बारक्या फांद्या बहुधा योगायोगाच्या असतात आणि पुढच्या रुग्णाला भलत्याच वाटेला नेतात. कोणती ठेवायची, कोणती तोडायची, याचा सरांनी एक नियम शोधला होता आणि तो पक्का सिद्ध केला होता. परदेशी पुस्तकांत तो त्यांच्या नावाने छापलेला मी पाहिला आहे. पवनीकडच्या विणकराचा मुलगा, पीएच.डी. उशिरा झालेली, इंग्रजीत व्याख्यान द्यायचं म्हटलं की घाम फुटायचा. विद्यापीठात अजून सहयोगी प्राध्यापकच होते. त्यांच्या मागून आलेले पुढे गेले, पण त्यावर ते कधी बोलत नसत.

आता मात्र सगळं जुळून आलं होतं. पावसाळाभर आमचा तक्ता याच रुग्णालयात साध्या कागदावर वापरून झाला होता. पुढच्या महिन्यात त्यांची प्राध्यापकपदाची मुलाखत होती. माझा प्रबंधही त्याच सुमाराला सादर व्हायचा होता. त्या सकाळी कुलगुरू आणि आरोग्य उपसंचालक तक्ता बघायला येणार होते. त्यांना पसंत पडला की विभागातल्या प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर तो लागणार होता.

मी स्टुलावरून उतरत होते तेवढ्यात एक मोटरसायकल दारात थांबली. नवरा पुढे, सासू मागे, आणि मधे पदर तोंडाला लावलेली एक तरुण मुलगी. प्रमिला नैताम तिचं नाव. लग्न होऊन वर्षही झालं नसावं.

“पोट दुखून रायलं जी हिचं,” सासूने गेडाम सिस्टरांना सांगितलं. “झोपीत हातावरून काहीतरी गेल्यावानी वाटलं म्हणते. आमी लाईट लावून पाह्यलं, तं काहीच दिसलं नाही.”

गेडाम सिस्टरांनी तक्त्यावर बोट ठेवलं. पाहुणे यायच्या आधी एकदा सराव झाला तर बराच, असं त्यांना वाटलं असावं. सूज आहे का? नाही. दाताची खूण? दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले, नाही. हिरड्यांतून, लघवीतून रक्त? नाही. बोट हिरव्या पानावर येऊन थांबलं.

“उंदीर-गिंदीर असंल मावशी. पोटाची गोळी देते, घरी जाऊन आराम करा.”

सरांनी चहाचा कप बाकावर ठेवला. “झोपली कुठे होती?”

“तो प्रश्न तक्त्यात नाही सर,” गेडाम सिस्टर म्हणाल्या.

“मला माहीत आहे. कुठे झोपली होतीस, बाई?”

“खालीच जी,” प्रमिला म्हणाली. “चटई टाकून.”

सर माझ्याकडे वळले. “वैजयंती, हिला जाऊ देऊ नकोस.”

मला वाटलं, पाहुण्यांसमोर दाखवायला त्यांना एखादा रुग्ण हवा असेल. पण ते तडक कोहाड मॅडमच्या खोलीत गेले. मीही मागोमाग गेले. मॅडम फोनवर होत्या. पाहुण्यांच्या गाड्या नाक्यावर पोचल्या होत्या.

“तक्ता काय म्हणतो?” त्यांनी फोन खाली ठेवत विचारलं.

“घरी पाठवा म्हणतो.”

“मग?”

“मला वाटतं, तक्ता चुकतोय.”

मॅडम हसल्या. “सर, तुम्हीच सगळ्या स्टाफला बजावलंत ना, मनाने ठरवू नका, तक्त्याप्रमाणे चला म्हणून. आता आमची सवय झाली, तर तुम्हीच मोडता.”

“तिथे एक फांदी होती,” सर म्हणाले. “सूज नाही, खूण नाही, जमिनीवर झोपलेला, पोटात कळा. फार थोडे रुग्ण होते तिच्यावर. त्यातला एक गेला होता. एवढ्याशा माणसांवरून काही म्हणता येत नाही, म्हणून नियमाने ती छाटली गेली. छाटायलाच हवी होती. पण मी ती पाहिली होती.”

मॅडमचं हसू मावळलं. “मण्यार,” त्या हळूच म्हणाल्या. “तिच्या दाताची खूणही दिसत नाही.”

त्या उठून बाहेर आल्या. प्रमिलाच्या डोळ्यांसमोर बोट फिरवलं, मान उचलायला लावली. सगळं ठीक होतं. तरी त्यांनी तिला आतल्या खाटेवर झोपवलं.

“आत्ता काही नाही. नुसत्या संशयावर औषध देता येत नाही. मण्यारच असेल तर हळूहळू श्वासाचे स्नायू ढिले पडतील. सर, मला पाहुण्यांकडे जावं लागेल. तुम्ही इथे बसा. एक श्वास घेऊन तिला आकडे मोजायला लावा. दम कमी पडायला लागला की आकडे कमी होतात. कमी झाले की मला हाक मारा.”

सर लोखंडी स्टूल ओढून बसले. “मोजता येतं?”

“नववी झाली जी माझी,” प्रमिला थोडी रागावूनच म्हणाली. तिने श्वास घेतला आणि एकापासून भराभर सुरुवात केली. तिशी ओलांडून थांबली आणि सासूकडे बघून हसली.

बाहेर गाड्यांची दारं वाजली. हार, नमस्कार, चहा. तक्त्यासमोर उपसंचालकांचा आवाज ऐकू येत होता. हे फार सोपं आहे, असं ते म्हणत होते. आमचा कोणताही कर्मचारी वापरू शकेल. कुलगुरूंनी सरांना बोलवायला माणूस पाठवला. सर म्हणाले, येतो. पण उठले नाहीत. मग कुलगुरू स्वतः वॉर्डाच्या दारात आले.

“टेंभुर्णे, अहो, सगळे तुमची वाट बघतायत. दोन शब्द बोला.”

“थोडं थांबा सर. हिचं मोजून होऊ द्या.”

कुलगुरूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मला सरांची लाज वाटत होती, हे खरं सांगते. इतक्या वर्षांनी त्यांच्यासाठी कुणीतरी दारापर्यंत चालत आलं होतं, आणि हे एका मुलीला उजळणी म्हणायला लावत होते.

“पुन्हा मोज, बाई.”

“किती दफा मोजू जी?” ती म्हणाली, पण मोजायला लागली. या वेळी पंचविशीतच दम संपला. तिसऱ्यांदा त्याच्याही अलीकडे. सरांनी स्टूल जवळ घेतलं. चौथ्या वेळी तिची जीभ जड झाली. ‘चौदा’ म्हणताना शब्द ओठांतच राहिला.

“डोळे उघड,” सर म्हणाले.

“उघडेच आहेत जी,” प्रमिला म्हणाली.

तिच्या पापण्या अर्ध्याच्या वर मिटलेल्या होत्या.

सरांनी हाक मारली ती मी तोवर कधी ऐकली नव्हती. कोहाड मॅडम उपसंचालकांना बोलतं सोडून धावत आल्या. मग औषधाच्या बाटल्या, सलाईन, ऑक्सिजन. ग्रामीण रुग्णालयात श्वास देणारं यंत्र नव्हतं. ते जिल्ह्याच्या ठिकाणी. अँब्युलन्स काढेपर्यंत तिची छाती हलेनाशी झाली होती. तोंडावर मास्क आणि त्याला जोडलेली रबराची पिशवी, ती हाताने दाबत राहायची. मॅडम औषध बघत होत्या, म्हणून पिशवी सरांच्या हातात आली. रस्ताभर खड्डे. सर गुडघ्यांवर बसून दाबत होते, त्यांचे हात भरून आले की मी घेत होते. सासू कोपऱ्यात बसून सुनेचा पाय धरून होती. तिने एकदाही विचारलं नाही की ती जिवंत आहे का. ते विचारायची माझीही हिंमत नव्हती.

प्रमिला वाचली. बरेच दिवस यंत्रावर होती, पण वाचली.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, गणिताने वाचवला विवाहितेचा जीव. सोबत तक्त्याचा फोटो. तक्त्याने तिला घरी पाठवलं होतं, हे त्यात कुठेच नव्हतं. उपसंचालकांनी तक्ता मंजूर केला. कुलगुरूंचा फोन आला तेव्हा मी सरांच्या केबिनमध्येच होते. मुलाखत आता नावापुरतीच, असं ते म्हणाले असावेत, कारण सर नुसतं “हो, हो” म्हणत होते.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, “सर, पेढे.”

त्यांना ते ऐकूच आलं नाही. “वैजयंती,” ते म्हणाले, “हिरव्या पानावरून जे घरी गेले, ते बरे झाले हे आपल्याला कुणी सांगितलं?”

“ते परत आले नाहीत, सर. म्हणजे बरे झाले.”

“हो. असंच धरलं आपण. तसं धरायला मीच सांगितलं. परत न येण्याचं दुसरंही कारण असू शकतं.”

त्या शनिवारी आम्ही एसटीने निघालो. त्या पावसाळ्यात पोट दुखतं म्हणून आलेले आणि हिरव्या पानावरून परत पाठवलेले जे थोडे होते, त्यांतलं सगळ्यात जवळचं नाव लहानू कोवे. गाव नदीपलीकडे होतं. घर विचारलं तर पानठेल्यावरचा माणूस आमच्याकडे जरा विचित्रच बघायला लागला.

अंगणात एक बाई धान वाळत घालत होती. लहानूची बायको. सरांनी नाव घेतलं तेव्हा तिने हात झटकले आणि पदर सावरला.

“तो नाही जी. दिवाळीच्या आंधीच गेला.”

“कशाने?”

“कोन जाने. दवाखान्यात नेलं होतं. गोळ्या देल्ल्या, घरी जा म्हनले. सांजेले झोपला, तं उठलाच नाही. लोक म्हनत, हार्ट असंल.”

सर अंगणात उभेच होते. मी त्यांच्या बाहीला हात लावला, चला म्हणून. आम्हाला हवं ते कळलं होतं. तिला सांगून तिचं काय भलं होणार होतं? पण सर हलले नाहीत. त्यांनी तिला सांगितलं. सोप्या शब्दांत, एखाद्या पोराला गणित समजवावं तसं. दवाखान्यात भिंतीवर एक तक्ता आहे, त्यात प्रश्न आहेत. त्या प्रश्नांवरून ठरतं कुणाला औषध द्यायचं. तुझ्या नवऱ्याला मण्यार चावली असावी. त्याला घरी पाठव असं त्या तक्त्याने सांगितलं, आणि तो तक्ता मी केला आहे.

बाईने सगळं शांतपणे ऐकलं. तिला राग आला असं तिच्या तोंडावरून दिसलं नाही.

“तुमी डाक्टर आहा का जी?”

“नाही. मी गणित शिकवतो.”

“मंग त्याले पाह्यलं कोन?” ती म्हणाली.

ती उत्तराची वाट बघत होती, खरंच विचारत होती. थोड्या वेळाने तिनेच आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. सरांनी पाणी घेतलं नाही. नव्या शर्टाच्या बाहीला गंज लागल्यासारखा डाग पडला होता, परतीच्या एसटीत तो ते अंगठ्याने घासत राहिले.

सोमवारी त्यांनी मला सोबत घेतलं आणि कुलगुरूंना भेटले. मी दाराजवळ उभी होते. कुलगुरूंनी सगळं नीट ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते.

“म्हणजे तुमचं प्रमेय चुकलं?”

“नाही सर. प्रमेय बरोबर आहे. छाटल्यावर एकंदर चुका कमीच होतात. पण त्यात सगळ्या चुका सारख्या धरल्यात. बिनविषारी साप चावलेल्याला औषध दिलं, ही एक चूक. लहानू कोवेला घरी पाठवलं, हीसुद्धा एकच चूक. कागदावर दोन्हींचं वजन सारखं.”

“मग ते वजन बदला. दुरुस्ती करा. मुलाखत होईपर्यंत गवगवा कशाला?”

“तक्ता लागायला सुरुवात झाली आहे सर. आज कुठेतरी कुणीतरी त्याच्यासमोर उभा असेल.”

कुलगुरूंनी चष्मा काढला. “टेंभुर्णे, हे पद तुमच्याकडे फार उशिरा येतंय. परत येणार नाही. उपसंचालकांनी पेपरात बोलून ठेवलंय, त्यांना तोंडघशी पाडलंत तर ते विद्यापीठालाही सोडणार नाहीत. एका माणसासाठी तुम्ही हे करणार?”

“एकच घर गाठलंय अजून,” सर म्हणाले.

त्याच दुपारी त्यांनी आरोग्य खात्याला कळवलं की तक्ता धोक्याचा आहे, आणि तो जिथे छापून आला होता त्या मासिकालाही कळवलं की लेख मागे घेतो. तक्ते उतरले. उपसंचालकांनी पुढे आमचा फोन कधी घेतला नाही. मुलाखतीत सरांना गणितावर एकही प्रश्न विचारला नाही, आपलंच काम आपण का नाकारलं, एवढंच विचारत राहिले. पद दुसऱ्याला गेलं. सर सहयोगी प्राध्यापक म्हणूनच निवृत्त झाले.

कुलगुरूंच्या जिन्यावरून उतरताना ते मला म्हणाले होते, “तुझा प्रबंध नियमावर आहे. नियम खरा आहे. तू सादर कर, मी सही करतो.”

“आणि तुम्ही?”

“माझी घरं राहिलीत.”

मला त्यांचा राग आला होता. माझी शिष्यवृत्ती संपत आली होती आणि घरी माझ्या लग्नाचं बोलणं याच प्रबंधापायी थांबलेलं होतं. सही करतो म्हणणं सोपं होतं. लहानूच्या अंगणात उभं राहून आल्यावर तो प्रबंध जसाच्या तसा कोण बांधून देणार? तो मी नव्याने लिहिला, चुकांना वेगवेगळं वजन देऊन. त्यात दोन वर्षं जास्त गेली. त्या वर्षांचा राग आजही थोडा शिल्लक आहे.

पण त्यानंतर प्रत्येक शनिवारी मी सरांबरोबर गेले. फाटकाशी किंवा अंगणाच्या कडेला उभं राहून सर नाव घेऊन हाक मारत, आणि हाक मारायच्या आधी जरा थांबत. एक घर बंद होतं, माणसं कामाला हैदराबादेकडे गेलेली. एका घरी म्हातारा दुसऱ्याच कशाने गेला होता, त्याच्या पोराने कागद दाखवला तेव्हा कुठे सरांनी विश्वास ठेवला. आणखी एका घरी काय ते कुणालाच नक्की सांगता आलं नाही. ते सरांना लहानूपेक्षाही जड गेलं.

शेवटचं घर गावाबाहेर होतं. दार लोटलेलं होतं आणि अंगणात कोंबड्यांखेरीज कुणी नव्हतं. सर कुंपणाशी थांबले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

“मारोती सिडाम,” त्यांनी हाक मारली.

काही आवाज नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली, आणि या वेळी नावाच्या मधेच त्यांचा आवाज फाटला.

घरामागून चिखलाने भरलेल्या पायांनी एक माणूस आला. हातात फावडं होतं. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून त्याने कपाळावर हात धरला.

“मीच जी,” तो म्हणाला. “काय काम होतं?”

सरांना विचारायचं पुष्कळ होतं. झोपला कुठे होतास, पोट किती दिवस दुखलं, घरी गेल्यावर काय झालं. मी पेन काढून तयार होते. पण सर त्याच्याकडे नुसते बघत राहिले. त्याचे डोळे, त्याची मान, श्वासाबरोबर हलणारी त्याची छाती, सगळं बघत राहिले, इतका वेळ की तो माणूस अवघडला.

“काही नाही,” अखेर सर म्हणाले. “तुला बघायला आलो होतो.”